थकबाकीचे पेढे

वन्सं, तुम्ही त्या दिवशी पेढे न्यायला नको होते. तुम्ही होतात तेव्हा हे मी इतक्या वेळा म्हटलं, की शेवटी शेवटी तुम्ही नुसती मान हलवायचात. वर्गात एखादा मुलगा तीच चूक पुन्हा करतो तेव्हा हलवत असाल, तशी. आता पुन्हा म्हणते. आता मध्येच बोट वर करून "वहिनी, एक मिनिट" म्हणणारं घरात कोणी नाही, त्यामुळे मला माझं वाक्य पूर्ण करता येतं. पूर्ण केल्यावर बरं वाटेल अशी समजूत होती. वाटत नाही.

भेटायला लोक येऊन गेले. तुमच्या शाळेतल्या दोघीतिघी आल्या, गल्लीतले आले, वरच्या मजल्यावरचे आले. सगळ्यांनी एकच सांगितलं, "सुटल्या हो." मी चहा दिला. तुम्ही कशातून सुटलात ते त्यांना ठाऊक नाही, म्हणून त्यांच्यावर राग धरता येत नाही. वर्तमानपत्रात तुमच्या शाळेने चार ओळी दिल्या होत्या, त्यात 'मागे भावजय असा परिवार आहे' असं छापलं होतं. एवढ्या मोठ्या शब्दात मी एकटी बसलेली पाहून तुम्हाला हसू आलं असतं. मला आधी हसू आलं, मग जे झालं ते विचारू नका.

मी अशिक्षित नाही, पण तुमच्यासारखं डोकंही नाही. तरी त्या थकबाकीचं गणित मला आता झोपेतही मांडता येतं. तुम्ही जन्मभर पोरांना गणित शिकवलंत, पण सुरुवातीची कित्येक वर्षं तुमच्या शाळेला अनुदान नव्हतं. ती वर्षं नोकरीत धरता येणार नाहीत, म्हणून पेन्शन नाही, असं तुम्हाला निवृत्तीनंतर कळवलं. तेव्हापासून तुम्ही खेटे घालत होतात. मधल्या काळात तुम्ही शिकवण्या केल्यात आणि मी पोळीभाजीचे डबे. कधी ऑर्डर जास्त आली की तुम्ही पदर खोचून मदतीला यायचात आणि तुमच्या पोळ्या तुमच्याच भूमितीत बसायच्या नाहीत. त्या आपण दोघी खायचो, गिऱ्हाइकाला देता यायच्या नाहीत. पैसे नव्हते, पण वन्सं, ते दिवस वाईट नव्हते. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही.

मग तुमच्या किडन्या गेल्या. स्वारगेटच्या पलीकडच्या ट्रस्टच्या हॉस्पिटलात आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झालं. तिथे गरिबांसाठी जागा राखून ठेवलेल्या असतात. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला दरवर्षी एप्रिलमध्ये द्यायचा, मागच्या वर्षीचं उत्पन्न मर्यादेच्या आत असलं की पैसे पडत नाहीत. आपलं उत्पन्न मर्यादेच्या इतकं आत होतं, की दाखला देणाऱ्यालाच लाज वाटावी. तुम्हाला मात्र त्या फुकटेपणाची लाज वाटायची. पहिल्या दिवशी समाजसेवा विभागातल्या शेख मॅडमना तुम्ही म्हणालात, "माझं पेन्शनचं काम सुरू आहे. ते झालं की मी पूर्ण पैसे देईन." मॅडम हसल्या. त्यांचं घर कित्येक पिढ्यांपासून भवानी पेठेत, पुण्याची माणसं त्यांना कळतात. त्या म्हणाल्या, आधी बऱ्या व्हा, मग बघू.

आणि काम झालं. मार्चअखेरीला सरकारी खात्यांत पैसे संपवायची घाई असते म्हणतात. त्या घाईत तुमची इतक्या वर्षांची थकबाकी एका सकाळी बँकेत येऊन पडली. मोबाइलवरचा मेसेज तुम्ही मला वाचायला दिलात, कारण तुमचा तुमच्या चष्म्यावर विश्वास नव्हता. मी वाचला. मग तुम्ही खुर्चीवर बसलात आणि पदराने तोंड झाकून रडलात. तुमचा भाऊ गेला तेव्हाही तुम्हाला असं रडताना मी पाहिलं नव्हतं. मी म्हटलं, देवापुढे साखर ठेवा आणि गप्प बसा. एवढं एकच शहाणपण माझ्या तोंडून निघालं होतं, आणि तुम्ही ते ऐकलं नाहीत. दुसऱ्या दिवशी डायलिसिसला निघताना तुमच्या पिशवीत अर्धा किलो पेढे होते. पथ्यात दूध चालत नव्हतं, म्हणजे तुम्हाला स्वतःला त्यातला एकही खायची सोय नव्हती. पुडा बांधताना त्याला लागलेला कण तेवढा तुम्ही जिभेवर ठेवलात.

तिथल्या सिस्टरना दिलेत, मावशींना दिलेत, लिफ्टवाल्याला दिलात. इथवर मी काही बोलले नाही. मग तुम्ही शेख मॅडमच्या खोलीत शिरलात. तिथे ट्रस्टचे एक साहेब बसले होते, आणि मोठ्या माणसाला आधी द्यायचं या तुमच्या रीतीने तुम्ही पुडा आधी त्यांच्यापुढे धरलात. आपल्याकडे पेढा हातात घेतल्यावर 'कशाबद्दल' हे विचारल्याशिवाय कोणी तोंडात टाकत नाही. त्यांनी विचारलं. तुम्ही ताठ उभ्या राहून सांगितलंत, अगदी पहिल्या अर्जापासून. साहेब मनापासून ऐकत होते. "अभिनंदन, बाई. न्याय मिळाला," असं म्हणून त्यांनी पेढा खाल्ला, रुमालाला बोटं पुसली आणि जाता जाता मॅडमना म्हणाले, यांच्या फायलीला या वर्षीचा दाखला लावून घ्या. त्यात त्यांचं काही चुकलं असं मला आजही म्हणता येत नाही, आणि म्हणून माझा जीव जास्त जळतो.

शेख मॅडम आपल्या मागे जिन्यापर्यंत आल्या. चेहरा उतरला होता.

"बाई, पेढे वाटलेत ते ठीक आहे. पण कशाबद्दल ते सांगायची काय गरज होती? नातू झाला म्हणायचं."

"मला मूलबाळ नाही हे तुमच्या फायलीत आहे," तुम्ही म्हणालात.

त्यांनी तरीही हात धरून समजावलं. साहेब रोज येत नाहीत, त्यांना इतक्या फायलींतली एक लक्षात राहणार नाही. तुम्ही जो दाखला आणाल तो मी लावेन, मी काही ऐकलेलं नाही. तुम्ही म्हणालात, ऐकलं नाही कसं, मी समोर उभं राहून सांगितलं. त्या बिचारीने माझ्याकडे बघितलं. मी काय करणार? तुमच्यापुढे माझं कधी काही चाललं होतं का?

दाखल्याच्या केंद्रावरही तेच. तिथला माणूस ओळखीचा झालेला. तो म्हणाला, आजी, मागच्याच आकड्यावर टाकतो, पासबुकाची झेरॉक्स राहू द्या. त्याचे हात कीबोर्डवर होते आणि माझा जीव त्याच्या हातांत होता. माझ्या तोंडून 'टाका' हा शब्द निघालासुद्धा. तुम्ही माझ्या उजव्या खांद्यामागे उभ्या होतात, बोट वर करून. "वहिनी, एक मिनिट. सही माझी आहे ना खाली?" आणि मग त्या माणसाला पासबुकाचं पान उघडून दाखवलंत, ती मार्चमधली ओळ नखाने दाबून. घरी येताना रिक्षात मी तोंड फिरवून बसले. तुम्ही आपलं एकच वाक्य बोललात, मुलांना सांगायचात ते: उत्तर बरोबर आलं तरी रीत चुकली असेल तर मार्क मिळत नाहीत.

तुम्ही लढला नाहीत असं मी म्हणणार नाही. तुम्ही तहसीलमध्ये गेलात, कागद पुढे केलात आणि सांगितलंत, की हे एका वर्षाचं उत्पन्न नाही, ही इतक्या वर्षांची अडलेली पेन्शन आहे. ज्या त्या वर्षाला वाटून टाका आणि मग बघा, एकाही वर्षी मी मर्यादेबाहेर जात नाही. भागाकार तुम्ही करूनच नेला होतात. तिथल्या कारकुनाने तो वाचला, असं मला वाटतं. वयाने तुमच्या विद्यार्थ्यांएवढा असेल. म्हणाला, "बाई, पैसे कधी आले ते आम्ही बघतो. कधी यायला हवे होते ते नाही." तुमचा एक विद्यार्थी सीए आहे, त्याला विचारलंत. त्याने सांगितलं, इन्कमटॅक्सला अशी थकबाकी मागच्या वर्षांवर वाटायची सोय आहे, दाखल्याला नाही. म्हणजे ज्याला कर भरायचा आहे त्याला वाटणी मिळते, आणि ज्याला जगायचं आहे त्याने एकरकमी मरायचं. हे मी म्हटलं तेव्हा तुम्ही रागावलात. सरकारबद्दल नव्हे, 'मरायचं' म्हटलं म्हणून.

दाखला आला. मर्यादेच्या बाहेर. महिन्याची पेन्शन तेवढी धरली असती तर तुम्ही आत बसत होतात; त्या थकबाकीने तुम्हाला एका वर्षासाठी श्रीमंत केलं. एकच वर्ष, वन्सं. पुढच्या एप्रिलला नवा दाखला काढला की थकबाकीचं वर्ष मागे पडणार होतं आणि तुमची जागा तुम्हाला परत मिळणार होती. शेख मॅडमनी तसं शब्द दिल्यासारखं सांगितलं. तेवढं वर्ष काढायचं होतं.

तुम्ही कागद घेऊन बसलात. एका बाजूला थकबाकी, दुसऱ्या बाजूला डायलिसिसचा पूर्ण दर, इंजेक्शनं, औषधं, भाडं. मग चष्मा काढून मला सांगितलंत, की आठवड्यातून तीनदा केलं तर पैसे दिवाळीलाच संपतात. दोनदा केलं तर मार्च गाठतात. इतक्या शांतपणे सांगितलंत, जणू आठवड्यातून तीनदा फरसबी आणायची की दोनदा, एवढाच प्रश्न होता. डॉक्टर नको म्हणाले. तुम्ही डॉक्टरांनाही भागाकार दाखवलात.

मी हातातल्या पाटल्या काढून तुमच्यापुढे ठेवल्या. तुमच्या आईनेच घातलेल्या त्या, लग्नात. तुम्ही त्या उचलून परत माझ्या हातात चढवल्यात. मनगट सुजलं होतं माझं, पोळ्या लाटून लाटून, दुखलंसुद्धा. "वहिनी, ही तुमची म्हातारपणाची काठी आहे. काठी मोडून चूल पेटवायची नाही." मी म्हटलं, चूल तुमच्यासाठीच पेटवायची असली तरी नाही का? आपलं ते भांडण तिथेच राहिलंय. मॅडमनी दुसऱ्या एका ट्रस्टचं नाव सुचवलं, तिथे मदतीच्या अर्जात 'बँकेत शिल्लक' असा रकाना होता आणि तुम्ही तो पैशापर्यंत भरलात. त्यांनी कळवलं, शिल्लक संपल्यावर या. विद्यार्थ्यांपैकी कोणाला काही सांगायचं नाही अशी मला शपथ घातलीत. मी शपथ पाळली. का पाळली? तुमचा एवढा कसला धाक होता मला? आज वाटतं, पेठेतल्या प्रत्येक दारावर जाऊन बोंब मारायला हवी होती.

पावसाळा गेला, दिवाळी गेली. थंडीत तुम्हाला धाप लागायला लागली. दिवसभराचं पाणी तुम्ही एका छोट्या पातेल्यात मोजून ठेवायचात आणि आमटीसुद्धा त्यातच धरायचात. चहा आपण दोघींत एक कप करायचो. मी माझा अर्धा सावकाश प्यायचे, म्हणजे तुम्हाला एकटीला संपल्यासारखं वाटू नये. पाय सुजले की तुम्ही साडीचा काठ खाली ओढायचात. मला दिसू नये म्हणून. मला न दिसायला मी काय आंधळी होते? पण मी तुमच्या पथ्यासाठी बटाटे दोनदा उकळून पाणी टाकत राहिले आणि कॅलेंडरकडे बघत राहिले. देवाकडे मी मागितलं काय तर एप्रिल. दुसऱ्या बायका काय काय मागतात, मी एक महिना मागत होते. एकदा रागाच्या भरात मी बोलून गेले, की तुमचा तो खरेपणा तुमच्या मानेवर बसलाय, उतरवा त्याला. तुम्ही म्हणालात, "आता कुठे उतरवू, वहिनी? इतक्या लांब आणलाय." मग आपण दोघी हसलो. हसताना तुम्हाला खोकला आला आणि बराच वेळ थांबला नाही.

तुमच्या डाव्या हाताची ती शीर मला रोज हात लावून बघायची असायची. पहिल्यांदा ऑपरेशन करून ती जोडली तेव्हा सिस्टरनी मला शिकवलं होतं, सकाळी उठल्या उठल्या बोटं ठेवायची, आतून थरथर लागली की मशीनसाठी शीर चालू आहे. मांजर मांडीवर बसून गुरगुरतं तेव्हा हाताला लागतं तसं लागायचं. तुम्ही झोपेत असलात तरी मी बोटं ठेवायचे आणि मग चहाचं आधण टाकायचे. होळीच्या आदल्या आठवड्यात एका सकाळी मी बोटं ठेवली आणि काही लागलं नाही. मला वाटलं शीर बंद पडली. मी खरंच तसंच समजले, वन्सं. म्हटलं, आता पुन्हा ऑपरेशन, त्याचे पैसे कुठून आणायचे. तुम्हाला हाका मारल्या त्या हे सांगायला. तुमच्या चेहऱ्याकडे मी नंतर बघितलं.

शेख मॅडम घरी आल्या होत्या. चप्पल काढून आत आल्या, तुमच्या खाटेवर न बसता खाली बसल्या. म्हणाल्या, एप्रिलच्या यादीत पहिलं नाव बाईंचंच लिहून ठेवलं होतं मी. आम्ही दोघी एकमेकींचा हात धरून बसलो. जाताना म्हणाल्या, मी तो पेढा त्या दिवशी खाल्ला नाही, घरी नेऊन फ्रिजमध्ये ठेवला होता, नंतर टाकून दिला. मला हे का सांगितलं त्यांनी, कोण जाणे. कोणाला तरी सांगायचं असेल.

मला तुमचं देणं आहे, ते पेन्शनसारखं मंजूर करून घ्यायला आता कोणतं ऑफिस नाही. तुमचा भाऊ गेला तेव्हा माझे माहेरचे मला न्यायला आले होते. सामान बांधून झालं होतं. सगळ्यांना वाटत होतं, घर तुमच्या नावावर, माणूस गेला, आता ही कोणाच्या नात्याने राहणार. तुम्ही शाळेतून आलात, सायकल लावलीत आणि सगळ्यांदेखत म्हणालात, "हे घर वहिनींचं आहे. मी त्यांच्याकडे राहते." आणि खरंच तशा राहिलात. तीस वर्षांहून जास्त झाली. डबा कुठे ठेवू विचारायचात, पंखा लावू का विचारायचात. तुमच्या जन्माच्या घरात. मी कधी त्याबद्दल एक शब्द बोलले नाही, कारण बोलले असते तर रडले असते आणि तुम्हाला रडणं खपत नसे. आता बोलते. मला कोणी नव्हतं, वन्सं, आणि तुम्ही मला घर दिलंत. आता घर आहे आणि मला पुन्हा कोणी नाही. मी सकाळी दोन कप काढते. हाताला सवय आहे. एक परत ठेवताना कपाचा आवाज होतो, तो मला सहन होत नाही. मी काय करू ते सांगा. तुम्हाला सगळ्याची रीत येत होती, याची सांगा.

एप्रिल लागला. कचेऱ्या उघडल्या त्या पहिल्या दिवशी आपण दोघींनी मिळून तहसीलला जायचं असं ठरलेलं होतं. तुमचा नवा दाखला, आणि माझं ते वर्षाचं काम; विधवांना मिळणारं निराधारांचं अनुदान चालू ठेवायचं तर दरवर्षी हयात असल्याचं आणि उत्पन्न वाढलं नसल्याचं सांगून यावं लागतं. सकाळी उठून मी तयार झाले. तुमची ती पांढरी, निळ्या काठांची साडी इस्त्री करून ठेवली होती फेब्रुवारीतच, ती हातात घेतली आणि परत ठेवली. बसने गेले. रिक्षा तुमच्यासाठी असायची.

रांग लहान होती. खिडकीत एक मुलगी बसली होती, तिने माझं आधार बघितलं आणि हसून म्हणाली, आजी, हयात आहात ना? मी म्हटलं, असं दिसतंय. तिने शिक्का उचलला.

"उत्पन्नात काही बदल?"

माझ्या पिशवीत पासबुक होतं. दिवाळीनंतर तुम्ही तुमच्या खात्याला माझं नाव लावलंत, तेव्हा मी विचारलं होतं कशाला, तर म्हणालात, बँकेत तुम्हालाच जावं लागणार आता. त्यात तुमच्या थकबाकीतले उरलेले पैसे आहेत. तुमचा भागाकार बरोबर निघाला, वन्सं. पैसे मार्चपर्यंत पुरले, वर उरले. तुम्ही पुरला नाहीत. जे उरलेत ते तुमचं न झालेलं डायलिसिस आहे, आठवड्यामागे एक, आणि ते आता माझं आहे. ते सांगितलं तर माझं अनुदान बंद. ते अनुदान म्हणजे माझं दूध, विजेचं बिल आणि बीपीच्या गोळ्या. आणि ते पैसे मोडून मी खाईन कसे? कोणत्या तोंडाने त्याची भाजी आणू?

"आजी, बदल आहे का काही?"

"नाही," मी म्हटलं.

म्हटलं आणि थांबले. मला वाटलं, आता. उजव्या खांद्यामागून. अजून श्वास घेतायत, चष्मा सावरतायत, बोट वर करतायत. शिक्का खाली आला. मुलीने कागद माझ्याकडे सरकवला आणि पुढच्याला हाक मारली. मी हलले नाही. मागचा माणूस म्हणाला, चला आजी. मी मान वळवून बघितलं, आपण वेडेपणा करतोय हे कळत असून बघितलं. तो एकटाच होता.

तेव्हा मीच म्हणाले, "एक मिनिट."

मुलीने वर बघितलं. "बोला, आजी."

त्याच्या पुढचं वाक्य मला येत नव्हतं. ते नेहमी तुम्ही बोलायचात. मी "काही नाही" म्हणून बाजूला झाले, आणि बाहेर पायरीवर बसून राहिले, ऊन पायावर येईपर्यंत.

मी खोटं बोलले, वन्सं. तुमच्या पैशांबद्दल, तुमच्या माघारी, तुमच्याच ठरलेल्या दिवशी. रीत चुकली आहे. या आणि मार्क कापा माझे.